खडूच्या चार फुल्या

ती गिटार आमच्या कारखान्यात आली तेव्हा विश्वकर्मा पूजा दोन दिवसांवर होती. कारखाना म्हणजे फार काही नाही. बेहालातल्या एका गल्लीत पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याचं छप्पर. तिथं गिटारी बनतात आणि जुन्या दुरुस्त होतात. मी तिथं पॉलिश करते. आता कमी करते, गुडघे धरतात, पण करते.

मी मूळची साताऱ्याकडची. शाळा दुसरीपर्यंत. नवरा फौजेत होता, त्याची शेवटची बदली इथं झाली, फोर्ट विल्यम म्हणतात त्या लष्करी किल्ल्यात. नोकरी संपल्यावर गावाकडं परत जायला गावाकडं आमचं काही नव्हतंच, म्हणून तो इथंच एका गोदामावर पहारेकरी लागला. तीन वर्षांत गेला. काविळीनं गेला, पंधरा दिवसांत. मुलगी सात वर्षांची होती. मला बंगाली येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. दोन घरची भांडी घासत होते. त्यातल्या एका घराच्या मागंच हा कारखाना होता. एक दिवस तिथल्या मिस्त्रीनं मला भांडी घासताना बघितलं आणि मालकाला म्हणाला, "हिच्या हाताला जोर आहे आणि घाई नाही. हिला पॉलिशपेपर द्या."

असं माझं काम सुरू झालं. मालक माझ्यापेक्षा लहान, पण मी त्याला दादा म्हणते, तो मला माशी म्हणतो. बंगालीत मावशीला माशी म्हणतात. सुरुवातीला मला ते ऐकून कसंतरीच व्हायचं, मग सवय झाली. मिस्त्री वयानं मोठे. मी त्यांना मिस्त्रीदा म्हणायची, ते मला दिदी. पुलापलीकडच्या हावड्याहून रोज यायचे, डबा घेऊन, तो डबा उघडला की मोहरीचा वास. लाखेचं पॉलिश कसं लावायचं ते त्यांनीच शिकवलं. स्पिरिटमध्ये लाख भिजवायची, कापडाचा बोळा करायचा, आणि लाकडावर फिरवत राहायचं. "जोरानं नाही. लेकराचं तोंड पुसतेस तसं," म्हणायचे. मी एकदा म्हटलं, आमच्याकडं लेकराचं तोंड जोरानंच पुसतात. त्यावर ते दिवसभर हसत होते.

पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून काम केलं. मला त्यांचं सगळ्यात आवडायचं ते कान. जुन्या गिटारी पोटात पोकळ असतात. वरची फळी पातळ असते, डब्याच्या झाकणासारखी, आणि तिला जोर यावा म्हणून आतून लाकडाच्या लांब पट्ट्या चिकटवलेल्या असतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. फळीत कुठं स्क्रू बसवायचा असेल तर तो बरोबर त्या पट्टीवर बसला पाहिजे. नाहीतर पातळ फळी फाटते. मिस्त्रीदा बोटाच्या पेरानं ठोकून पट्टी शोधायचे. त्या वेळी सगळ्यांनी गप्प बसायचं, मशीन बंद, पंखासुद्धा बंद. ते कान खाली नेऊन ठोकत जायचे आणि मग खडूनं फुली मारायचे. दादा म्हणायचा, "गप्प बसा, वैद्यबुवा नाडी बघतायत." आणि एकदा फुली मारली की ते परत ठोकायचे नाहीत. "दुसऱ्यांदा ठोकलं की मन डळमळतं, मग कान खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. फुली मारली तिथं भोक पाडायचं, झालं. माझ्यादेखत त्यांची एकही फुली चुकली नाही.

तर ती गिटार. बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची, पोट पोकळ, वर गडद लाल रंग, जुन्या फर्निचरसारखा. घेऊन आला तो म्हातारा माणूस. तरुणपणी हॉटेलांतून वाजवायचा, आता मित्रमंडळी जमली की वाजवतो. उजव्या हाताचा अंगठा त्याला साथ देईना. अधांतरी धरला की दुखायला लागायचा, मग थरथरायचा. त्याला तारांच्या वरच्या बाजूला लाकडाची एक लहान पट्टी हवी होती, अंगठा टेकवायला. आणि खालच्या बाजूला दुसरी, कधी अंगठ्यानं वाजवलं तर बाकीची बोटं टेकवायला. तो त्याला इंग्रजीत फिंगर रेस्ट म्हणाला. मी माझ्या मनात टेकू म्हटलं. दोन टेकू, एकेकाला दोन स्क्रू.

"वीस दिवसांनी कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "टेकवायला काही नसेल तर मी बसून नुसता ऐकीन. मला ऐकायला जायचं नाही."

मिस्त्रीदांनी गिटार मांडीवर घेतली, लेकरू घेतात तशी, आणि म्हणाले, "पूजेनंतर देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावरच्या रिक्षा सुरू व्हायच्या आत, त्यांनी ठोकून बघितलं. आम्ही सगळे गप्प. पोकळ जागी ढब वाजतं, पट्टीवर टक. असं ते सांगायचे, मला मात्र तेवढं कळायचं नाही. त्यांनी चार फुल्या मारल्या. दोन वर, दोन खाली. मग गिटार कापडाखाली ठेवली आणि दादाबरोबर मूर्ती आणायला गेले.

विश्वकर्मा म्हणजे कारागिरांचा देव. इथं त्याच्या पूजेच्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही. सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून देवापुढं मांडतात. कारखाना आदल्या दिवशी झाडून पुसून लख्ख करतात, आणि ते काम माझ्याकडं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच घेतलं होतं. आमच्याकडं खंडेनवमीला विळाकोयता पुसून पाटावर ठेवायचे. आई म्हणायची, धुळीत देव बसत नाही. मला ते पटलेलं. मी जाळ्या काढल्या, फरशी धुतली, मग एकेक वाद्य ओल्या फडक्यानं पुसत गेले. लाकडाचा भुसा सगळीकडं बसलेला असतो. पुसताना मी मनात दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाचा विचार करत होते. पूजेला सगळ्यांसाठी खिचडी माझ्याकडं असते.

ती लाल गिटार पुसून झाली आणि फडक्यावर पांढरं दिसलं, तेव्हा मला कळलं.

मिस्त्रीदांचा एकच नियम होता. गिऱ्हाइकाच्या वाद्याला त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी पंचवीस वर्षं तो पाळला होता. त्या दिवशी कापडाखाली धूळ गेली असेल म्हणून कापड मीच उचललं होतं.

मग मी ठोकून बघितलं, ते ठोकायचे तसं. मला सगळीकडं सारखंच ऐकू आलं. वरच्या दोन फुल्या मला आठवत होत्या, एका जुन्या ओरखड्याच्या दोन बाजूंना होत्या त्या. खालच्या दोन अंदाजानं आठवत होत्या. मी त्यांच्या डब्यातला खडू घेतला आणि चारही फुल्या मारल्या. हात कापला नाही माझा. हे मी मुद्दाम सांगते. चोरी करताना हात कापतो असं म्हणतात, माझा कापला नाही.

तासाभरानं ते दोघं मूर्ती घेऊन आले. शंख वाजवला. मिस्त्रीदांनी सगळीकडं बघितलं आणि म्हणाले, "दिदी, आज हा कारखाना वाटत नाही. घर वाटतंय."

दादा म्हणाला, "माशीला महापालिकेत घ्यायला पाहिजे होती. बेहाला चकाचक झालं असतं."

"आणि तुझं पॉलिश कोणी केलं असतं?" मिस्त्रीदा म्हणाले. "तुझ्या बापानं?"

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा सांगायचं होतं. ते एवढे खुशीत होते, मी चूक सांगितली असती तर त्यांनी फक्त मान हलवली असती आणि पूजेनंतर सकाळी परत ठोकलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, हातपाय धुऊन घ्या, चहा ठेवते.

पूजेच्या दिवशी इथं पतंग उडवतात. वर आकाशात पतंग, खाली आमची खिचडी. ती गिटार कोपऱ्यात होती आणि मी तिच्याकडं पाठ करून वाढत होते. मी मनाला समजावत होते, एका बोटाचा फरक असेल, एका बोटानं काय होतं.

एका बोटानं झालं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीदांनी हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं आणि खालच्या पहिल्या फुलीवर लावलं. पट्टीत जाताना ड्रिल जड जातं, ते त्यांच्या खांद्यावरून मला कळायचं. त्या दिवशी ते जड गेलंच नाही. एकदम आत गेलं, आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. फळीला चीर गेली, दीड बोट लांब. वरचा लाल रंग टवका होऊन उडाला.

दादा बाहेर होता. मिस्त्रीदांनी ड्रिल बाजूला ठेवलं, कान खाली नेला, त्याच जागी ठोकलं.

"पोकळ आहे," ते म्हणाले. परत ठोकलं. "हे तर पोकळ आहे. मी इथं भरीव ऐकलं होतं."

मी पॉलिशचा बोळा फिरवत राहिले.

त्यांनी उडालेला टवका उचलून तळहातावर ठेवला. मग मला म्हणाले, "आज खरं ऐकू येतंय. परवा खोटं ऐकू आलं. म्हणजे आता भरवसा नाही, दिदी. कान कधी खरं सांगेल, कधी खोटं, मला कसं कळणार?"

मी म्हटलं, "होतं कधीतरी."

हे दोन शब्द मी बोलले. ते आठवले की आजही जेवणावरची वासना जाते.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मिस्त्रीदांनी स्वतः सांगितलं, माझ्या हातून झालं, पोकळ जागा मला भरीव ऐकू आली. त्या माणसानं चिरेवर बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाला, "चाळीस वर्षं मी हिला टेबलाच्या कोपऱ्याला लागू दिली नाही." मिस्त्रीदा मान खाली घालून उभे होते. माझ्यापासून दोन हातांवर. मी त्या दोघांना चहा दिला.

मग दुरुस्ती. गिटारीच्या पुढच्या बाजूला ज्या दोन लांब फटी असतात, त्यातून मिस्त्रीदांनी आत पातळ लाकडाचा तुकडा घातला, सरस लावून चिरेच्या खाली चिकटवला, चीर ओढून मिळवली. भोक बुजवलं. टेकू त्यांनी स्क्रूनं बसवलेच नाहीत, चिकटवले. आणि वरचं पॉलिश माझ्याकडं आलं. मी आठ दिवस ते केलं. लाल रंग चार वेळा बनवला, तीन वेळा पुसला. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं. शेवटी चीर कुठं होती ते सांगता येईना. दादानं गिटार उजेडात धरली, फिरवून फिरवून बघितली. "माशीच्या हातात देव आहे," तो म्हणाला. मिस्त्रीदांनीही मान डोलावली. "दिदीनं माझी लाज राखली," म्हणाले.

गिऱ्हाइकाचा कार्यक्रम झाला. टेकू छान लागले, अंगठा दुखला नाही, असा त्याचा फोन आला. त्याची बाजू तिथं मिटली.

मिस्त्रीदांची नाही मिटली. त्यानंतर ते ठोकायला बसले की घाम यायचा त्यांना. एकदा फुली मारली की परत ठोकायचे, मग पुसायचे, मग दुसरीकडं मारायचे. दादाची आरडाओरड सुरू झाली, एका फुलीला अर्धा दिवस लागतो म्हणून. आणि मग एक दिवस त्यांनी मला हाक मारली.

"दिदी, इकडं ये. मी ठोकतो, तू ऐक. इथं भरीव वाटतंय का?"

मला काय कळतंय. पण मी कान खाली नेला आणि म्हटलं, "वाटतंय."

"नक्की?"

"नक्की."

ते माझ्या शब्दावर भोक पाडायचे. माझ्या शब्दावर. नशीब असं की बरोबरच निघालं, कारण त्यांनीच ते आधी ऐकलेलं असायचं. पण श्रेय मला. दादा म्हणायला लागला, "आता माशीच वैद्य झाली." मिस्त्रीदा हसायचे, पण ते हसू वेगळं होतं.

चार महिने असं चाललं. मग एका शनिवारी त्यांनी आपली हत्यारं पेटीत भरली, पटाशा कापडात गुंडाळल्या, आणि दादाला म्हणाले, माझे कान गेले, सोमवारपासून येत नाही. दादानं थांबा म्हटलं, पण एकदाच म्हटलं. जाताना मिस्त्रीदांनी मला एक जुना बोळा दिला, त्यांच्या हातचा, लाखेनं काळा झालेला. मी घेतला. तेव्हाही सांगितलं नाही.

लोक विचारतील, का नाही सांगितलं. मीही विचारते. मी आयुष्यात पुष्कळ सोसलं. नवरा गेला तेव्हा रडायला घरचं माणूस जवळ नव्हतं. मुलगी तापानं फणफणत असताना तिला कडी लावून कामावर गेले. घर दोनदा बदलावं लागलं, एकदा भर पावसाळ्यात. त्यातल्या कशाचीही मला लाज नाही. ते माझ्यावर आलं, मी उचललं. पण हे माझ्यावर आलेलं नाही. हे मी केलं, आणि उचलायला दुसऱ्याला दिलं.

दोन वर्षं गेली. मध्ये मी एकदाही हावड्याला गेले नाही. पूजेला मिस्त्रीदांची आठवण निघाली की मी उठून भांडी घासायला जायचे.

मग ते गिऱ्हाईक परत आलं. गिटारीतली वायर सैल झाली होती. दादा आत होता, मी दारातच बसले होते. त्यानं मला गिटार दाखवली, कौतुकानं. "बघ, मी सगळ्यांना म्हणतो, चीर कुठं होती ओळखा. कुणाला येत नाही." मग म्हणाला, "तो बहिरा मिस्त्री गेला का कुठं?"

मी म्हटलं, "ते बहिरे नव्हते."

"अगं, पोकळ आणि भरीव कळत नाही तो बहिराच."

तो वाईट माणूस नाही. विनोद केला त्यानं. पण मी रात्रभर जागी होते, आणि रविवारी सकाळी बस पकडून हावड्याला गेले. पत्ता दादाच्या वहीत होता. वाटेत मी मिठाई घेतली, नंतर वाटलं मिठाई कसली घेऊन चाललेय, म्हणून पिशवीतच ठेवली.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांच्या बायकोचा आवाज ऐकू आला. मोठमोठ्यानं बोलत होती. आत गेले तर ते खाटेवर बसलेले, आणि ती समोर उभी राहून ओरडत होती, "कोण आलंय बघा. कारखान्यातली दिदी." भांडण नव्हतं. ती त्यांच्याशी तशीच बोलायची.

मिस्त्रीदांना आनंद झाला. "ये दिदी, ये. गुडघे कसे आहेत?"

मी बसले नाही. बसले असते तर परत चहा, परत गप्पा, परत उद्या. मी उभ्यानंच सांगितलं. फडकं, खडू, चार फुल्या, सगळं. त्यांची बायको तोवर आत चहा टाकायला गेली होती.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "माझं मन राखायला सांगतेस."

"नाही."

"दोन वर्षांनी कुणीतरी दिदीला सांगितलं असेल, मिस्त्री खचलाय म्हणून. आणि दिदीनं गोष्ट तयार केली. तू तशीच आहेस."

मी म्हटलं, "मिस्त्रीदा, मी तशी नाही. वरच्या दोन फुल्या ओरखड्याच्या दोन बाजूंना होत्या. त्या मी बरोबर मारल्या. खालच्या मला आठवल्या नाहीत. तुम्ही जर त्या दिवशी वरून सुरुवात केली असती, तर पहिली दोन भोकं बरोबर पडली असती."

ते खिडकीतून बघत होते. शेवटी म्हणाले, "दादाला सांगितलंस?"

"नाही."

"गिऱ्हाइकाला?"

"नाही."

"मग मला आधी कशाला सांगतेस? मान मी त्यांच्यापुढं खाली घातली. आधी त्यांना सांग. मग ये."

चहा यायच्या आत मी निघाले.

सोमवारी दादाला सांगितलं. तो वायर जोडत होता. हात न थांबवता म्हणाला, "अगं माशी, कुठलं काय उकरतेस. त्यांचं वय झालंच होतं. आज नाहीतर उद्या गेलेच असते."

"दादा, त्यांना फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता. आणि माझ्यासमोर बोला."

पंचवीस-सत्तावीस वर्षांत मी त्याला असं काही सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लावला. बोलला, पण हसत हसत बोलला, माशीला म्हातारपणी पाप-पुण्य सुचतंय वगैरे. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर दादा हसत नव्हता.

गिऱ्हाईक गिटार न्यायला आलं तेव्हा दादा खुणेनं मला नको म्हणत होता. कारखान्याचं नाव जाईल म्हणून. मी सांगितलं. त्या माणसानं गिटार पेटीत ठेवता ठेवता ऐकलं, आणि माझं बोलणं झाल्यावर तो अंगठ्याच्या टेकूवर बोट घासत राहिला. "म्हणजे तूच मोडलीस आणि तूच लपवलीस," तो म्हणाला. मी हो म्हटलं. "आणि मी तुलाच शाबासकी देत होतो." मी हो म्हटलं. मग त्यानं पेटीचं झाकण लावलं. "त्याला म्हणावं, मी जे बोललो ते मागं घेतो. मला पुलापलीकडं जाववत नाही. नाहीतर गेलो असतो." तो गेला. नंतर आला नाही कधी. दुसरीकडं जात असेल.

पुढच्या रविवारी मी परत हावड्याला गेले. मिस्त्रीदांनी मला बसवलं, समोर, आणि म्हणाले, "काय बोललीस ते सांग. जसंच्या तसं." मी सांगितलं. दादा काय म्हणाला, तो माणूस काय म्हणाला, सगळं. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं. "ते परत सांग. माझ्या कानाचं काय म्हणालीस?"

"म्हटलं, मिस्त्रीदांनी बरोबर ऐकलं होतं. खूण मी पुसली."

त्यांनी बायकोला हाक मारली. "इकडं ये. ऐक ही काय सांगते." आणि मला म्हणाले, "आता हिला सांग."

तिला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. कारखान्यात आम्ही हिंदीच बोलायचो, माझं बंगाली बाजारापुरतं. मी फडक्यानं पुसल्याची, खडूची खूण हातानं करून दाखवली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हात ओले, बोटांना पीठ. सगळं कळल्यावर तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"दोन वर्षं मी तुमच्याशी ओरडून बोलतेय," ती म्हणाली. हळू म्हणाली. "आख्खी गल्ली मला भांडखोर म्हणते. तुम्ही सांगितलं का नाही, ऐकू येतं म्हणून?"

"सगळेच ओरडायला लागले," मिस्त्रीदा म्हणाले. "मग मलाही वाटलं, असेल खरं."

मी म्हटलं, कामावर परत या. दादा घेईल. ते म्हणाले, नाही, आता हात बसायचा नाही, दोन वर्षं फार होतात. रागानं नाही बोलले. हिशेबाचं बोलावं तसं बोलले.

मग ती माझ्याकडं वळली. "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"भ्याले," मी म्हटलं.

"कशाला?"

"मिस्त्रीदा रागावतील म्हणून."

"हे?" ती म्हणाली. "हे कधी कुणावर रागावलेत?"

खरंच होतं. पंचवीस वर्षांत त्या माणसानं माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि हे मला पूजेच्या आदल्या दिवशीही ठाऊक होतं. मी रागाला भ्याले नव्हतेच. इतक्या वर्षांत माझ्या कामात कुणी चूक दाखवली नव्हती, आणि ते मला आवडायचं. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या माशीच्या हातून कधी काही बिघडत नाही. ते ऐकायला मी पॉलिशचा बोळा मुद्दाम हळू फिरवायचे. तेवढ्यासाठी मी त्यांचे कान घेतले.

हे तिला सांगायला मला बंगाली शब्द सापडले नाहीत. मराठीतही तेव्हा सापडले नसते. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, मग पिठाचे हात धुवायला आत गेली.